लाईव्ह अर्थला अठरा वर्षं: त्या प्रतिज्ञेचं पुढे काय झालं?

हडसनकाठ | शनिवार, ५ जुलै २०२५

तळघर आवरत होतो. जुन्या बुटांच्या खोक्यात टॅक्सचे कागद, भारतातल्या बँकेचं पासबुक आणि त्या पासबुकात दडलेलं एक तिकीट निघालं. ७ जुलै २००७, जायंट्स स्टेडियम, ईस्ट रदरफर्ड, न्यू जर्सी. परवा सोमवारी त्याला अठरा वर्षं होतील.

आठवत नसेल त्यांच्यासाठी: त्या दिवशी 'लाईव्ह अर्थ' झालं होतं, तापमानवाढीबद्दल लोकांना जागं करायला जगभर एकाच दिवशी भरवलेले कॉन्सर्ट. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर आणि निर्माते केव्हिन वॉल यांनी उभं केलेलं. सिडनीत सुरू झालं आणि टोकियो, शांघाय, जोहान्सबर्ग, हॅम्बुर्ग, लंडन, आमची जर्सी, रिओ असं दिवसभर फिरत गेलं. अंटार्क्टिकावरच्या ब्रिटिश तळावर तिथल्याच पाच जणांनी बँड काढून वाजवलं, म्हणजे सातही खंड झाले. टोकियोच्या रंगमंचावर गोर स्वतः नव्हते, त्यांची होलोग्राम आकृती आली होती. तेव्हा त्याचंही केवढं अप्रूप!

आम्ही एडिसनहून एका कोरोलात चौघं गेलो. तेव्हा स्टेडियमपर्यंत रेल्वे नव्हती, ती २००९ ला आली. तापमानवाढ रोखायच्या सात कलमी प्रतिज्ञेला आम्ही घसा ताणून 'हो' म्हटलं. शेवटी 'द पोलीस' हा बँड वाजला. मग पार्किंगमध्ये दीड तास गाडी जागची हलली नाही. जुलैचा उकाडा, मैदानभर गाड्या, सगळ्यांचे एसी चालू. मागच्या सीटवरचा मित्र म्हणाला, "आत्ताच प्रतिज्ञा घेतली ना रे?"

दुसऱ्या दिवशी वीज वाचवणारे पिळाचे सहा सीएफएल दिवे आणले, त्यातला एक लावतानाच फुटला. आत पारा असतो हे कळल्यावर रूममेटने खिडक्या उघडून आम्हाला अर्धा तास बाहेर उभं केलं.

तर विचारायचं असं की, अशा मोठ्या कॉन्सर्टांनी काही होतं का? आणि तुम्ही स्वतः रोजच्या जगण्यात केलेली एखादी गोष्ट खरंच टिकली का? टिकलेलीच सांगा. सुरू करून सोडलेल्यांची यादी माझ्याकडे भरपूर आहे.

अर्धाकप

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. कागदी पुडक्यात.

चिंचोका

जुलै २००७ ला तुम्ही जर्सीत दिवे कमी वापरायची शपथ घेत होतात तेव्हा आमच्या तालुक्यात बारा बारा तास भारनियमन होतं. आम्ही शपथ न घेताच पाळत होतो. नंतर शहरातल्या लोकांनी 'अर्थ अवर' म्हणून तासभर दिवे घालवून मेणबत्त्या लावल्या तेव्हा माझी आजी म्हणाली, "वीज असताना अंधारात बसायचं? नवस आहे का कसला?"

टीपकागद

प्रश्नाच्या पहिल्या भागावर. टीका त्याच वेळी झाली होती आणि ती संगीतवाल्यांच्या घरातूनच झाली होती. दुष्काळासाठी 'लाईव्ह एड' हा कॉन्सर्ट करणाऱ्या गायक बॉब गेल्डॉफचं म्हणणं असं की तापमानवाढ होते आहे हे लोकांना माहीतच आहे, त्यासाठी मैफल कशाला. राजकारण्यांकडून ठोस उपायांची हमी मिळाली असती तरच मी हे केलं असतं, असंही तो म्हणाला. 'द हू' बँडचा गायक रॉजर डाल्ट्रे तर म्हणाला, पृथ्वीला सध्या सगळ्यात कमी गरज कशाची असेल तर रॉक कॉन्सर्टची.

मला गेल्डॉफचं पटतं. १९८५ मध्ये इथियोपियात दुष्काळ होता, धान्य घ्यायचं होतं, पैसे हवे होते. आधी १९७१ मध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी मॅडिसन स्क्वेअर गार्डनला बांगलादेशासाठी एकाच दिवशी दोन कार्यक्रम केले, त्याचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफकडे गेले. आता हवेतला कार्बन कमी करायला तिकिटाचे पैसे नेमके कोणाच्या हातावर ठेवायचे?

ओसरीवरची

टीपकागद, बांगलादेशचं उदाहरण इतकं सरळ नाही हो. तिकिटाचे पैसे लगेच गेले, पण रेकॉर्ड आणि चित्रपटाचे पैसे कितीतरी वर्षं अमेरिकन करखात्यात अडकून पडले, कारण आधी करमाफीची कागदपत्रंच कोणी केली नव्हती. उत्साह वादकांचा होता, हिशेबनीस कोणीच नव्हता.

जाता जाता, त्याच कार्यक्रमात सतार-सरोद जुळवून झाल्यावर प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. नुसतं वाद्य लावणं एवढं आवडलं असेल तर वादनही आवडेल, असं पंडितजी हसून म्हणाले. लाईव्ह अर्थचं तसंच झालं असं मला वाटतं. सूर जुळवण्यालाच टाळ्या पडल्या आणि लोक घरी गेले.

अर्धाकप

ओसरीवरची +१. शेवटच्या वाक्याला पॉपकॉर्न खाली ठेवून टाळ्या.

दगडी_शाळा

यावरून आमच्या गावची गोष्ट. हायस्कूलच्या इमारत निधीच्या मदतीसाठी पुण्याहून नाटक आणलं होतं. बाबा तिथेच शिक्षक. प्रत्येक शिक्षकाला पन्नास तिकिटं खपवायची सक्ती. बाबांनी न्हाव्यालासुद्धा दोन गळ्यात मारली आणि मग सहा महिने केस कापायला शेजारच्या गावी गेले. नाटकाच्या रात्री दुसऱ्या अंकात पाऊस आला, मांडव गळायला लागला, नायिकेने छत्री घेऊन प्रवेश पुरा केला.

पण त्या पैशांतून तीन खोल्या झाल्या. अजून आहेत. दारावर देणगीदारांची फरशी आहे आणि न्हाव्याचं नाव त्यावर नाही, याचा बाबांना शेवटपर्यंत सल होता.

कॉन्सर्टनंतर दाखवायला भिंत हवी, एवढंच माझं म्हणणं.

वाळवण

दगडी_शाळा, न्हाव्याचं फार वाईट वाटलं :)

टिकलेली गोष्ट सांगते. जुन्या साड्यांच्या पिशव्या. २०१८ ला प्लास्टिकबंदी आली तेव्हा शिवायला घेतल्या, आजपर्यंत दोनशेच्या वर झाल्या असतील. कॉटनची साडी घ्यायची नाही, विटलेली असेल तर कांद्या-बटाट्याच्या वजनाने फाटते. सिंथेटिक, जरा जाडसर घ्यायची. तळाला दुहेरी शिवण आणि बंद खांद्यावर येईल एवढा लांब. एका साडीत मध्यम आकाराच्या बारा होतात. मंडईतले भाजीवाले आता मला नावाने नाही, पिशवीवाल्या काकू म्हणून ओळखतात.

तिरपागडा

काकू, आदर आहे. पण दोनशे पिशव्यांनी हवामान बदलत नाही. शिवाय प्लास्टिकचा कचरा आणि तापमानवाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपल्याकडे सगळं 'पर्यावरण' नावाच्या एका पोत्यात भरतात. आमच्या मंडळाने मागे गणपतीत 'वसुंधरा वाचवा' देखावा केला होता. हजारभर दिवे, फिरता पृथ्वीगोल, कोपऱ्यात डिझेलचा जनरेटर. त्या धुराने पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धाला काजळी धरली. पहिलं बक्षीस मिळालं.

मीटर_रीडर

तिरपागडा यांचा पहिला मुद्दा बरोबर आहे, म्हणून जरा आकडे. मी वीज कंपनीतून निवृत्त झालो, सवय जात नाही.

आपल्याकडे अजून वीज मुख्यतः कोळशाची, त्यामुळे एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरा. साठ वॅटचा पिवळा बल्ब काढून नऊ वॅटचा एलईडी लावला आणि रोज पाच तास चालला, तर दिवसाला पाव युनिट वाचतं. वर्षाला ९३ युनिट, म्हणजे ६५ किलोच्या आसपास.

आता एसी. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो की तापमान एक अंशाने वर ठेवलं की सहा टक्के वीज वाचते. रात्रभरात दहा युनिटं खाणारा दीड टनाचा एसी वीसऐवजी चोवीसवर ठेवा. एका रात्रीत दोन-सव्वादोन युनिटं वाचली. म्हणजे त्या एका रात्रीची बचत एलईडीच्या आठ-नऊ दिवसांएवढी.

आणि धागाकर्ते रागावणार नसतील तर, मुंबई-नेवार्क जाऊन-येऊन विमानप्रवास माणशी दोन टनांच्या घरात जातो. तीस बल्ब वर्षभर बदलून ठेवल्यावर एक फेरी फिटते. आपल्या देशातल्या सरासरी माणसाचं वर्षाचं उत्सर्जनही साधारण तेवढंच आहे.

हडसनकाठ

मीटर_रीडर काका, रागावत नाही. पण आई ब्याऐंशीची आहे, साताऱ्यात एकटी असते. वर्षातून एकदा येतो. ती मला जेवायला वाढताना मी टनांचा हिशेब करू शकत नाही.

मीटर_रीडर

नका करू. माझा मुलगा कॅलगरीत आहे. तो येतो तेव्हा मीही करत नाही.

घाटवाट

ह्या दोन प्रतिसादांनंतर काही लिहू नये असं वाटलं होतं, पण मुद्दा राहतो. काकांच्या हिशेबातच उत्तर आहे. बल्ब घरोघर का बदलले? कोणी प्रतिज्ञा घेतली म्हणून? २०१५ च्या उजाला योजनेत सरकारी कंपनीने एलईडी घाऊक विकत घ्यायला सुरुवात केली, आणि २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. स्वस्त झाला म्हणून लोकांनी लावला. एसीचंही तेच. जानेवारी २०२० पासून स्टारवाला एसी कंपनीतूनच चोवीसवर लावून द्यायचा असा नियम आहे. माझ्या सासऱ्यांना रिमोटवर आकडा बदलता येत नाही, ते नकळत पर्यावरणप्रेमी झाले.

'कार्बन फूटप्रिंट' हा शब्द घराघरात कोणी पोचवला माहीत आहे? बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींनी, २००४-०५ च्या सुमारास. तेल आम्ही काढतो, पापाचा हिशेब तुम्ही ठेवा.

टीपकागद

घाटवाट, प्रचंड सहमत. आणि गंमत म्हणजे लाईव्ह अर्थची प्रतिज्ञा नुसती बल्बांची नव्हतीच. पहिलं कलम होतं की आपल्या देशाने दोन वर्षांत आंतरराष्ट्रीय करारात सामील व्हावं, विकसित देशांनी प्रदूषण ९० टक्के कमी करावं. कार्बन रोखण्याची सोय नसलेल्या नव्या कोळसा वीजकेंद्रांना विरोध करायचा, असंही एक कलम होतं. सातातली निदान तीन सरकारला जाब विचारणारी. हडसनकाठ, तुम्हाला त्यातलं काय आठवतं?

हडसनकाठ

खरं सांगू? बल्ब आणि झाडं. करारबिरार आत्ता तुमच्याकडून कळतोय. तिथे मीही 'हो' ओरडलो होतो म्हणजे.

टीपकागद

झालं तर मग. दोन वर्षांनी डिसेंबर २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत तो करार बारगळला तेव्हा स्टेडियमभर ओरडलेले लोक कुठे होते? दुकानात सीएफएल निवडत.

माणदेशी_मेंढका

मी धागा सकाळी शेळ्या सोडताना वाचला. आमच्या पाव्हण्यांकडं लातूरला २०१६ ला मिरजेवरनं रेल्वेनं पाणी आलं. त्याच उन्हाळ्यात हायकोर्टानं आयपीएलच्या मॅची राज्याबाहेर काढल्या, मैदानावर पाणी मारायचं म्हणून. आणि नोव्हेंबरात मुंबईत कोल्डप्ले बँडचा परदेशी जलसा झाला, जग सुधारायचा. मॅच पाण्यापायी बाहेर आणि जलसा आत, ह्याचा मेळ मला काय लागला न्हाई.

आमच्याकडं टिकलेली गोष्ट म्हणाल तर, भाजी धुतलेलं पाणी शेळ्यांच्या डोणीत, आंघोळीचं पाणी शेवग्याला. आईनं कुठली प्रतिज्ञा घेतली नव्हती. बादली तीन किलोमीटरवरनं आणली की माणूस आपोआप शहाणं हुतं.

भिजपाऊस

कोल्डप्लेचा तो जलसा, म्हणजे २०१६ चा 'ग्लोबल सिटिझन', मी पाहिला आहे, बीकेसीतला. न्यायाने बोलायचं तर तो हवामानापेक्षा शिक्षण, स्त्री-पुरुष समानता, स्वच्छता यांसाठी होता. पैसे देऊनही तिकिटं होती, पण आम्हा कॉलेजवाल्यांना फुकट हवं होतं. त्यासाठी ॲपवर 'कृती' करून गुण मिळवायचे. ट्विट करा, याचिकेवर सही करा. मी एका रात्रीत हॉस्टेलच्या बेडवर पडून जगाचे इतके प्रश्न सोडवले की सकाळी कॅन्टीनचं बिल द्यायला दोन रुपये कमी पडले.

पण खरं सांगते, त्यातल्या एका याचिकेमुळे मी गावाकडच्या शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, हे पहिल्यांदा विचारलं. नव्हतं. पुढे झालं, पण त्याचं श्रेय कोल्डप्लेच्या ख्रिस मार्टिनला नाही, सरपंचबाईंना.

मनगटपट्टी

कबुलीजबाब. या जानेवारीत नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्लेला गेले होते. शो संपल्यावर प्रेक्षकांच्या मनगटावरची ती चमकणारी पट्टी परत द्यायची असते. पुन्हा वापरतात, म्हणून कुठल्या शहराने किती टक्के परत दिल्या ते पडद्यावर दाखवतात. मी स्वेटरच्या बाहीत लपवून आणली. आता कपाटात आहे. रात्री कपाट उघडलं की तिच्याकडे बघवत नाही.

बाकी बँडने प्रयत्न केलेत. २०१९ ला 'टिकाऊ पद्धत सापडेपर्यंत दौरा नाही' म्हणाले होते. मग २०२२ पासूनच्या दौऱ्यात प्रेक्षकांनी नाचल्यावर वीज करणारी फरशी, पायडल मारायच्या सायकली, तिकिटामागे एक झाड. गेल्या वर्षी त्यांनी सांगितलं की आधीच्या दौऱ्यापेक्षा थेट उत्सर्जन ५९ टक्के कमी झालं.

तिरपागडा

'थेट' या शब्दावर बोट ठेवा. त्यात बँड, सामान, रंगमंच येतं. पाहायला विमानाने आलेली मंडळी येत नाहीत. माझ्या ऑफिसातले चौघं बंगळुरूहून मुंबईला विमानाने आले, तिकीट मिळालं नाही तो पाचवा अहमदाबादच्या शोला गेला. पश्चिम रेल्वेने मुंबईहून अहमदाबादसाठी खास गाड्या सोडल्या होत्या, पण ह्यांना रेल्वे म्हटलं की आजोबा आठवतात.

मनगटपट्टी, पट्टी परत करा. आत्मा मुक्त होईल.

सेव्हर्नकाठी

तिरपागडा म्हणतात ते बरोबर आहे, कॉन्सर्टच्या उत्सर्जनात सगळ्यात मोठा वाटा बहुधा प्रेक्षकांच्या येण्या-जाण्याचा असतो. हेच धरून इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या 'मॅसिव्ह अटॅक' बँडने गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या शहरात कार्यक्रम केला. आधी त्यांनी मँचेस्टरच्या टिंडल सेंटर या हवामान संशोधन संस्थेकडून अभ्यास करून घेतला होता, तो २०२१ मध्ये आला. मग २५ ऑगस्ट २०२४ ला क्लिफ्टन डाउनच्या माळावर प्रत्यक्ष प्रयोग. रंगमंच पूर्ण बॅटरीवर, जनरेटरची घरघर नाही. गाड्यांसाठी पार्किंग ठेवलंच नव्हतं. जवळ राहणाऱ्यांना तिकिटं आधी, रात्री परतायला जादा रेल्वेगाड्या.

मी आणि बायको चालत गेलो. खाणं सगळं वनस्पतिजन्य. बायको म्हणाली, "एवढे पाउंड देऊन बटाटाच खायचा होता तर घरून डब्यात भाजी आणली असती." मात्र एक जाणवलं, भाषण जवळपास नव्हतंच. आम्हाला कोणी काही सोडायला सांगितलं नाही. गाडी आणायची सोयच नव्हती म्हणून आणली नाही.

घाटवाट

"सोयच नव्हती म्हणून आणली नाही." हेच मी वरती दहा ओळींत सांगत होतो.

जुना_ठाणेकर

कोणीच 'लाईव्ह अर्थ इंडिया'बद्दल बोललं नाही? मुंबईत व्हायचं होतं, ७ डिसेंबर २००८. बॉन जोव्ही येणार, अमिताभ बच्चन असणार, अशी जाहिरात होती. मिळणारा पैसा वीज न पोचलेल्या गावांत सौर कंदील देण्याच्या मोहिमेला जाणार होता. मग २६/११ झालं आणि कार्यक्रम रद्द झाला. मी तेव्हा सीएसटीवरून रोज जायचो. त्या आठवड्यात गाणं नावाची गोष्टच नको झाली होती, त्यामुळे रद्द झाल्याचं वाईटही वाटलं नाही.

आज धागा वाचताना वाटलं, दगडी_शाळा म्हणतात तशी 'भिंत' त्या कार्यक्रमाला होती. कंदील मोजता आले असते.

दगडी_शाळा

हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

अर्धाकप

धाग्याचा आता कंदील झाला. पॉपकॉर्न संपले.

पेलाधारी | मंगळवार, ८ जुलै

परवा एकादशी झाली, काल परतीला निघालो, आज नेटवर्क मिळालं. दोन दिवसांत एवढा धागा? माउली!

जगातला सगळ्यात मोठा चालत जायचा कार्यक्रम आपल्याकडे आहे आणि कोणी नावही काढलं नाही. लाखो माणसं, वीसेक दिवस, तिकीट नाही, पार्किंग नाही, गाणं दिवसभर.

तिरपागडा

पेलाधारी, राम कृष्ण हरी. पण दिंडीमागचे ट्रक, टँकर आणि मुक्काम उठल्यावरच्या थर्माकोलच्या पत्रावळी? आमचं गाव पालखी मार्गावर आहे. पालखी गेल्यावर झाडू आमच्या हातात असतो.

पेलाधारी

खोटं नाही. आमच्या दिंडीलाही दोन ट्रक असतात. पत्रावळींचं सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या विणेकरी बुवांनी एका मुक्कामाला स्वतः गोण्या घेऊन कचरा गोळा केला, कोणाला एक शब्द न बोलता. सगळ्यांना लाज वाटली. पुढच्या वर्षी नियम झाला: ताट, वाटी, पेला ज्याचा त्याचा. ज्याच्याकडे ताट नाही त्याला शेवटच्या पंगतीला, कोणाचं तरी धुतलेलं ताट मिळेपर्यंत थांबायचं. दोन दिवसांत सगळ्यांकडे ताटं आली. माझा स्टीलचा पेला सुतळीने कमरेला बांधलेला असतो, चालताना टाळाच्या मागे एक किणकिण येते. नातू म्हणतो, आजोबा आले की आधी पेला ऐकू येतो.

दोनशे माणसांची दिंडी आहे. दोन वेळची जेवणं, वीस दिवस. पत्रावळी किती वाचल्या ते मीटर_रीडर काढतील.

मीटर_रीडर

आठ हजार. चहा-नाश्त्याचं वेगळं.

पण माउली, ते थर्माकोल वाचलं, कार्बनचा आकडा त्यात फार निघणार नाही. ट्रकचं डिझेल जास्त भरेल. तरीही मला तुमच्या बुवांची पद्धत आवडली.

ओसरीवरची

मला यावरून 'पैसा फंड' आठवला. अंताजी दामोदर काळ्यांनी घरटी एकेक पैसा गोळा केला आणि १९०८ मध्ये त्यातून तळेगावला काच कारखाना उभा राहिला. तो पैसा प्रत्येकाने आपल्याच कोनाड्यात ठेवून 'मी देशासाठी पैसा वाचवला' म्हटलं असतं तर काच झाली नसती. वाळवण यांच्या पिशव्या, काकांचे चोवीस अंश, माणदेशींच्या आईची बादली, हे पैसे आहेत. गोळा करणारा काळे कोण?

तिरपागडा

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पाठवा त्यांना. आमच्याकडे गच्चीवर सोलर लावायचा ठराव तिसऱ्या वर्षी पडला. तीन किलोवॅटला घरगुती ग्राहकाला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं हे ऐकून शेजारच्या बंगलेवाल्यांनी लावूनही टाकलं. आम्ही मात्र गच्चीवर वाळवणं कुठे घालायची यावर दोन तास भांडलो. वाळवण ताई, तुमच्या नावाचा काही संबंध नाही.

वाळवण

संबंध कसा नाही? सोलरच्या सावलीत पापड वाळत नाहीत. पण पॅनेल उंचावर बसवली तर खाली जागा राहते, आमच्या सोसायटीने तसंच केलं. लिफ्ट आणि पाण्याचा पंप त्यावर चालतो. ठराव मंजूर व्हायला चार सभा लागल्या. शेवटच्या सभेत मी सगळ्यांना कुरडया तळून नेल्या होत्या, त्याचा उपयोग झाला असं चेअरमन अजून म्हणतात.

माणदेशी_मेंढका

काकू, पुढच्या जागतिक परिषदेला तुम्हालाच धाडाय पायजे. कुरडया घेऊन.

मनगटपट्टी

हसून हसून पुरेवाट. आणि हो, पट्टीचं: त्यांना परत पाठवायचा रस्ता सापडला नाही. आत बारीक बॅटऱ्या आहेत, म्हणून निदान ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात देऊन येते. फोटो काढला आहे. तेवढं चालेल ना?

तिरपागडा

फोटोचं पाप माफ.

हडसनकाठ | शुक्रवार, ११ जुलै

धागा सुरू करताना वाटलं होतं पाच-सहा प्रतिसाद येतील. मी टिकलेली गोष्ट सांगितलीच नाही अजून. आमच्या वसाहतीच्या नियमात कपडे बाहेर वाळत घालायला बंदी आहे, बकाल दिसतं म्हणून. इथे बहुतेक घरी ड्रायर. आम्ही २०११ पासून तळघरात दोरी बांधून वाळवतो. हिवाळ्यात जीन्सला तीन दिवस लागतात. मुलगी लहान असताना मैत्रिणींना सांगायची की आमच्याकडे कपड्यांचं जंगल आहे. त्या दोरीमागेच ते खोकं होतं.

या वर्षी वसाहतीच्या बैठकीत हा नियम बदला म्हणून अर्ज देणार आहे. कुरडया इथे पटेलांच्या दुकानात मिळतात.

वाळवण काकू, ऑक्टोबरमध्ये साताऱ्याला येतोय. (काका, नका मोजू.) आईच्या कपाटात सिंथेटिक साड्यांचा ढीग आहे. पिशव्या शिवून द्याल का? शिलाई देईन.

वाळवण

नक्की. विचारपुशीत निरोप टाका. शिलाई नको, साडीमागे दोन पिशव्या मी ठेवून घेते. एक अडचण मात्र आधीच सांगते. पिशवी शिवणं सोपं आहे, घरातून निघताना ती आठवणं अवघड. मी स्कूटरच्या किल्लीच्या खुंटीलाच अडकवते. तरी आज मंडईत गेले ती रिकाम्या हाताने. भाजीवाला हसायला लागला. पदरात मेथी आणि पर्समध्ये वांगी घालून आले, पर्स अजून ओली आहे.